‘गळका हंडा’ आणि बाकीचे आरोप: एका प्रतिक्रियेला उत्तर

उन्हाची उष्णता जमिनीत साठवून हरितगृह उबदार ठेवण्यावर मी लिहिलेल्या लेखाला ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देतो: “माती म्हणजे गळका हंडा. उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यापर्यंत तिच्यात टिकेल असं ज्याला वाटतं, त्याने शाळेतलं विज्ञान पुन्हा वाचावं. पंख्यांना लागणारी वीज लेखक सोयीस्कर विसरले. कॅनडातल्या ज्या वसाहतीचे गोडवे गायलेत, तिथली यंत्रणा बंद पडली हेही लपवलं. खर्चाचं तर विचारायलाच नको. आयुष्यात कधी फावडं हातात न धरलेल्यांकडून आणखी काय अपेक्षा करणार?”

उत्तर देणार नव्हतो. पण त्याखाली टाळ्यांची चित्रं जमायला लागली, तेव्हा गप्प बसणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं.

आक्षेप घेण्याला माझी कधीच ना नाही. इथले जुने वाचक सांगतील, याच जागी माझ्याशी कडकडून भांडलेले लोक आहेत आणि त्यांच्याशी माझा आजही पत्रव्यवहार आहे. पण ते मुद्द्यावर भांडले. लेखकाने फावडं धरलं की नाही, हा मुद्दा नाही. तरीही काढलाच आहेत, तर ऐका. विशीत असल्यापासून मी हरितगृहांत काम केलं आहे. पाइप पुरायचे चर स्वतः खणले आहेत. पाइपला उतार कमी दिला गेला, आत पाणी तुंबलं आणि पंखा सुरू करताच रोपांवर कुबट वास पसरला, हा प्रकार दुसऱ्याने केलेल्या कामात निस्तरलेला आहे. थंडीच्या रात्री उठून जमिनीतले तापमापक वाचले आहेत. तेव्हा फावड्याची ओळख कुणाला करून द्यायची, हे आधी जरा चौकशी करून ठरवावं.

आता हंडा. गळतो, मान्य. मी गळत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. मूळ लेख पुन्हा उघडून बघा. गळतो की नाही हा प्रश्नच नाही. किती गळतो आणि किती वेळात, हा आहे. शाळेच्या पुस्तकात उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते एवढंच असतं, आणि आपला अभ्यास बहुधा तिथेच थांबला असावा. ती किती वेगाने जाते याचं गणित फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं, आणि आपल्या पायाखालची जमीन ते गणित दरवर्षी करून दाखवते.

ते असं. मातीत उष्णता पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट, की वेळ चौपट. ओलसर मातीत ढोबळमानाने एक मीटरला तीनेक आठवडे धरले, तर पाच मीटरला वर्षाहून जास्त लागतं. म्हणून तीन मीटर खोलीवरची माती सर्वांत गरम होते ती पृष्ठभागानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी. सात-आठ मीटरवर तर ऋतू उलटेच असतात: वर कडाक्याची थंडी आणि खाली वर्षातलं सर्वाधिक तापमान. तिथला चढउतार जेमतेम अर्ध्याएक अंशाचा असतो, पण उलटा असतो. कुणीही काहीही न पुरता, न खणता, उन्हाळा हिवाळ्यापर्यंत पोचलेला असतो. साहेब, याला ‘टिकणं’ नाही तर काय म्हणायचं?

दुसरी गोष्ट आकाराची. साठ्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली, की घनफळ आठपट होतं आणि गळतीची वाट असलेलं पृष्ठफळ फक्त चौपट. लहान ढेकूळ लवकर निवतं, मोठं महिनोन्‌महिने धरून ठेवतं. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातल्या ओकोटोक्सची ड्रेक लँडिंग वसाहत याच तत्त्वावर उभी होती. ५२ घरं, सुमारे ८०० सौर संग्राहक, आणि ३५ मीटर खोलीचे १४४ बोअर एकमेकांजवळ, वरून उष्णतारोधक थर. उन्हाळ्यात गरम पाणी आधी मधल्या बोअरमध्ये जायचं आणि कडेकडे सरकायचं. हिवाळ्यात प्रवाह उलटा, कडेकडून मध्याकडे. मधली माती उन्हाळ्याच्या अखेरीस ८० अंशांच्या आसपास पोचायची. यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली. पहिली काही वर्षं जमीनच तापवण्यात गेली, कारण आजूबाजूची माती गार असेपर्यंत उष्णता तिकडे पळत राहते. पाचव्या वर्षापर्यंत घरं तापवायला लागणाऱ्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक सूर्याकडून मिळू लागली, आणि २०१५-१६ च्या हंगामात पूर्ण १०० टक्के. जिथे हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली जातो, तिथे!

जमिनीत घातलेल्या उष्णतेपैकी परत किती आली, हेही सांगतो, नाहीतर तेही लपवलं म्हणाल. चांगल्या वर्षांतही निम्म्याच्या आसपास. उरलेली गळली. म्हणजे तुमच्या वाक्याचा पहिला भाग बरोबर, त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. उन्हाळ्यात जे ऊन नाहीतरी वाया जाणार, त्यातलं निम्मं हिवाळ्यात हाती लागत असेल, तर ती गळती आहे की कमाई, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि मुळात लहान हरितगृहाला सहा महिन्यांचा साठा कशाला हवा? लेखाच्या दुसऱ्या भागात मी हेच लिहिलं होतं. तिथपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असते तर ही प्रतिक्रिया जन्मालाच आली नसती. आता आकड्यांत सांगतो. १०० चौरस मीटरचं, एकेरी पॉलिथिन फिल्मचं हरितगृह घ्या. आच्छादन साधारण १८० चौरस मीटर. बाहेरपेक्षा आत १० अंश जास्त ठेवायचे तर त्यातून सुमारे ११ किलोवॉट उष्णता सतत बाहेर जाते, म्हणजे बारा तासांच्या रात्रीला १३० युनिट. एक घनमीटर ओलसर माती १० अंशांनी तापवली की तिच्यात साडेपाच युनिट मावतात. जमिनीखालचा फक्त एक मीटरचा थर धरला तरी साडेपाचशे युनिट होतात. चार रात्रींची सोय. दिवसा हरितगृहाच्या माथ्याशी साचलेली गरम हवा पंख्याने पुरलेल्या पाइपांतून फिरवायची, रात्री त्याच पाइपांतून ऊब परत घ्यायची. ढगाळ दिवसांची एक रांग यात निभावते. अशा शंभर रात्रींचा साठा करायचा म्हटलं, तर एवढ्याच तापमानवाढीत २४ मीटर खोलीपर्यंतची माती लागेल. म्हणून मी लहान शेतकऱ्याला तो सल्ला दिला नाही. दिला असल्यास ओळ दाखवा.

या पद्धतीत उष्णतेचा मोठा भाग कोरड्या हवेतून येत नाही, बाष्पातून येतो, ही गोष्ट फार थोड्या लेखांत सापडते. झाडांनी दिवसभर सोडलेली वाफ गार पाइपात दव होऊन बसते, आणि एक किलो पाणी असं बसलं की जवळपास ०.७ युनिट उष्णता मातीला देऊन जातं. हवा आतून थोडी कोरडी होते, पानांवरची बुरशी कमी होते. पाइपला भोकं आणि उतार का हवा, तेही यातूनच कळतं. हे फावडं धरल्याशिवाय समजत नाही, असं मी म्हणणार नाही; पण धरल्यावर लवकर समजतं.

खरं तर तुमच्या जागी मी असतो तर भूजलाचा आक्षेप घेतला असता. मातीतून पाणी वाहत असेल तर वरची सगळी गणितं कोलमडतात, कारण मग उष्णता झिरपत नाही, पाण्याबरोबर सरळ निघून जाते. बोअर घेण्याआधी भूजलाची पातळी आणि प्रवाह तपासतात ते यासाठी. नेदरलँड्समध्ये मात्र जमिनीखालचे, संथ पाण्याने भरलेले वाळूचे थरच साठ्यासाठी वापरतात: एक गरम विहीर, एक गार विहीर. उन्हाळ्यात गार विहिरीतलं पाणी इमारतीतली किंवा हरितगृहातली उष्णता घेऊन गरम विहिरीत जातं, हिवाळ्यात ते उलट फिरवून हीट पंपाने, म्हणजे वीज वापरून गाराकडून गरमाकडे उष्णता उपसणाऱ्या यंत्राने, तापमान चढवतात. तिथे अशा दोन हजारांहून अधिक यंत्रणा चालू आहेत. जमिनीत सोडायचं पाणी सहसा २५ अंशांपलीकडे जाऊ देत नाहीत, त्यामुळे भोवतालच्या थराशी फरकच थोडा राहतो आणि गळतीही थोडी. गळक्या हंड्यावर इतके लोक इतकी वर्षं पैसे लावून बसलेत म्हणजे सगळेच शाळा बुडवलेले असावेत.

पंख्यांची वीज: लेखात तिला एकच ओळ मिळाली, हे खरं आहे. आणखी दोन द्यायला हरकत नव्हती, आत्ता देतो. नीट आखलेल्या यंत्रणेत पंखा स्वतः खातो त्याच्या दसपट किंवा जास्त उष्णता हलवतो. पाइप अरुंद घेऊन हवा जोरात ढकलत बसलात तर मात्र हिशोब बिघडतो, कारण त्याच पाइपात हवेचा वेग दुप्पट केला की लागणारी ताकद साधारण आठपट होते. झालं समाधान?

ओकोटोक्सची यंत्रणा २०२४ मध्ये बंद केली, बरोबर. जुनी झालेली उपकरणं एकेक करून नादुरुस्त होत गेली आणि ती सांभाळणं परवडेनासं झालं. जमीन गळू लागली म्हणून नव्हे. माझा लेख साठवणुकीच्या तत्त्वाबद्दल होता, तिथल्या देखभालीबद्दल नव्हता. म्हणून तो तपशील त्यात नव्हता. याला लपवणं म्हणत असाल तर म्हणा.

राहिला खर्च. ‘विचारायलाच नको’ असं आपणच लिहिलंत, तेव्हा आपल्याला सांगत नाही. बाकी कुणाला विचारायचा असेल त्यांनी हरितगृहाचं क्षेत्रफळ, आच्छादनाचे थर, रात्रीचं किमान तापमान आणि भूजलाची पातळी कळवावी. या चार गोष्टी माहीत नसताना सांगितलेला आकडा मला स्वतःला पटत नाही.