एक बॉडी, तीन लेन्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

अजिंठा-वेरूळला एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि तीन लेन्स (रुंद दृश्यासाठी वाइड, झूम न होणारी 35 मिमीची प्राइम, दूरचं जवळ आणणारी टेली) पुरेत असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर आक्षेप घेतलात. आभार. तुमचं म्हणणं असं की एकच बॉडी नेणं बेजबाबदारपणाचं आहे, ती बंद पडली की दौरा फुकट. उघड्यावर लेन्स बदलली की सेन्सरवर, म्हणजे आतल्या प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, धूळ बसणारच. आणि रुंद दृश्यापासून दूरच्यापर्यंत झूम होणारी 18-300 मिमीची एकच लेन्स लावून भागत असताना मी नवशिक्यांना उगाच खर्चात पाडतोय. लग्नाच्या फोटोग्राफीत तुमची अर्धी हयात गेली आहे, म्हणून प्रत्येक मुद्द्याला नीट उत्तर देतो.

तुमच्या कामात दोन बॉडी हव्यातच. मंगळसूत्राच्या वेळी शटर अडकलं तर तो क्षण गेला, आणि समोरच्याने तुम्हाला त्याचेच पैसे दिलेले असतात. पण मी लिहितो ते स्वतःच्या आनंदासाठी, एसटीने, पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्यांसाठी. अजिंठ्याला फर्दापूर फाट्यावर उतरायचं, तिथून बसने लेण्यांच्या पायथ्याशी जायचं, पायऱ्या चढायच्या आणि वाघूर नदीच्या वळणाने एकेक लेणं बघत चालायचं. चित्रांच्या लेण्यांत शिरताना बूट काढायचे, बाहेर आल्यावर घालायचे, पुन्हा काढायचे. अशा वेळी गळ्यात अर्धा-पाऊण किलोची दुसरी बॉडी लोंबत असेल तर दुपारपर्यंत लक्ष चित्रांवरून उडून खांद्यावर जातं. शिवाय प्रवासात बॉडीच्या आधी दगा देतात बॅटरी आणि कार्ड. ती जादा ठेवावीत, खिशात मावतात. त्यातूनही बॉडी बंद पडलीच, तर फोन आहे. आणि अजिंठा बघायला गेलेल्याचा दौरा कॅमेऱ्यावाचून फुकट जातो, हे मला मान्य नाही.

आता 18-300. लेन्स चांगली आहे, वेरूळला भर उन्हात ती झकास चालते. अडचण दोन टोकांना येते. कैलास लेणं वरून खाली खोदत नेलंय, त्यामुळे प्रांगणाच्या तिन्ही बाजूंना कडे आहेत आणि मागे सरकायला जागा मिळत नाही. हत्ती, ध्वजस्तंभ आणि शिखर एकाच चौकटीत हवं असेल तर क्रॉप (आकाराने लहान) सेन्सरवर 18 मिमी तोकडं पडतं, 10-20 ची वाइड लागते. दुसरं टोक अजिंठ्याच्या आत. तिथे फ्लॅशला बंदी आहे आणि ती हवीच, रंगांना तीव्र उजेड सोसत नाही. ट्रायपॉड परवानगीशिवाय नेता येत नाही. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर दिवे मंद असतात. तुमची झूम 35 मिमीवर साधारण एफ/4 पर्यंत उघडते, 35 ची प्राइम एफ/1.8 पर्यंत (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), म्हणजे जवळजवळ पाचपट उजेड. त्याच आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेवर) प्राइमने 1/40 सेकंदाचं शटर मिळत असेल तर झूमने 1/8 वर यावं लागतं.

हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन आहे की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर, भिंतीवरचं चित्र 1/8 लाही धारदार येईल. पण मला त्या चित्रांसमोरची माणसंही हवी असतात, आणि ती हलतात. सव्विसाव्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. तिच्या उशाशी एक आजी उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर एका हाताने धरलेला, ओठ पुटपुटत होते, मधूनच मान हलायची. 1/8 ला त्यांचा चेहरा पुसला गेला असता. प्राइम होती म्हणून कपाळावरच्या आठ्यांसकट आला. ते छायाचित्र मला पद्मपाणीच्या कुठल्याही छायाचित्राहून मोलाचं वाटतं.

टेली फार कमी निघते. समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यूपॉइंटवरून लेण्यांची घोड्याच्या नालेसारखी रांग टिपायला आणि वेरूळला उंचावरची शिल्पं जवळ आणायला.

धुळीचं म्हणाल तर लेन्स वाऱ्यात बदलूच नये. मी लेण्याच्या आडोशाला जातो, कॅमेरा बंद करतो, वाऱ्याकडे पाठ करतो, नव्या लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल करून ठेवतो आणि बॉडीचं तोंड जमिनीकडे धरून बदलतो. आत प्राइम, बाहेर वाइड एवढंच ठरलेलं असल्याने दिवसभरात फार वेळा बदलावीही लागत नाही. संध्याकाळी एफ/16 वर आकाशाचा एक फोटो काढून बघायचा. काळा ठिपका दिसला तर रबरी ब्लोअर वापरायचा. तोंडाने फुंकर कधीच मारायची नाही, थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट.

राहिला खर्च. ज्याच्याकडे बॉडीबरोबर आलेली 18-55 आहे, त्याने लगेच तीन लेन्स घ्याव्यात असं मी म्हणणार नाही. त्याने आधी फक्त 35 ची एफ/1.8 घ्यावी, जुनी मिळाली तरी चालेल. ती 18-300 पेक्षा बरीच स्वस्त पडते, दुसऱ्या बॉडीपेक्षा तर खूपच. वाइड नंतर, आणि तीही एखाद्या सहलीपुरती भाड्याने आणून पाहिल्यावर.