कोपरा सगळ्यांना मानवत नाही
सबवूफर (खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर) कोपऱ्यात ठेवा, असं तुमच्या लेखात म्हटलंय. आमच्या दादरच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत तसं केलं तर डग्गा नुसता घुमतो. १२ फुटांच्या अंतरात साधारण ४७ हर्ट्झच्या खालच्या सुराला खोलीच गायला लागते, त्यात कोपरा म्हणजे आगीत तेल! मी सबवूफर चक्क आम्ही बसून ऐकतो त्या सोफ्यावर ठेवला, बासचा (खालच्या सुरांचा) तुकडा लावला आणि भिंतीकडेने रांगत ऐकत गेलो (बायको दारात उभी राहून हसत होती). कपाटाशेजारी बास स्वच्छ लागला, तिथेच सबवूफर बसवला. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती मर्यादा) ८० हर्ट्झ. फेज (सबवूफरच्या लहरी बाकी स्पीकरशी जुळवायची सोय) ० आणि १८० अंश दोन्ही लावून पाहिली, १८०ला आवाज भरला. व्हॉल्यूम मात्र वाटतो त्याहून कमीच ठेवा, खाली शेजारी राहतात.