गाठीला सुई लावायची नाही, म्हणे!

"कुत्र्याच्या तोंडातल्या गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो. गाठ काळी नसेल तर घाबरू नका, हळद-तुरटी लावा. ऑपरेशनमध्ये जबडा काढतात, मग कुत्रं उपाशी मरतं. दुखलं तर ब्रूफेन द्या." जुळे सोलापुरातल्या आमच्या ग्रुपवर हा मेसेज आठवड्यात तीनदा आला. पाठवणारे कुत्र्यांवर जीव टाकणारे आहेत, म्हणून जरा सविस्तर.

आधी रंगाचं. कुत्र्यांच्या तोंडात मेलानोमा हा घातक कॅन्सर सर्वाधिक आढळतो. तो काळाच असतो असं नाही, कित्येकदा गुलाबी निघतो. उलट तरुण कुत्र्यांच्या ओठांवर फुलकोबीसारखे मस्से येतात ते विषाणूमुळे, आणि बहुतेकदा आपोआप झडतात. नुसतं बघून कळत नाही, गाठीचा तुकडा काढून तपासावाच लागतो.

सुईमुळे पसरतो? मेलानोमा सुईची वाट बघत नाही. जबड्याखालच्या लसीका ग्रंथींत आणि फुप्फुसांत तो आपणहून जातो, म्हणूनच डॉक्टर त्या ग्रंथी आणि छातीचा एक्स-रे बघतात. मेसेजमध्ये खरं असेल तर एवढंच, की तुकडा तोंडाच्या आतून घ्यावा, ओठ बाहेरून कापून नव्हे. नंतर जखम झाकायला तीच कातडी लागते.

हळद-तुरटीवर मी काय बोलणार! दीड महिना मीही तेच केलं. मोत्या कडक भाकरी एकाच बाजूने चावायचा, तुकडा तोंडातून गळायचा, पाण्याच्या भांड्याच्या काठाला तांबूस लाळ. 'म्हातारा झाला, दात हलणारच,' असं म्हणत राहिलो. दात काढला, पण ती जागा भरून येईना, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना सापडली तर मेलानोमातही जास्त दिवस मिळतात. ते दिवस मी तुरटीत घालवले.

जबड्याचं म्हणाल तर पूर्ण जबडा नाही, गाठीचा भाग आणि आजूबाजूचं थोडं निरोगी हाड काढतात. जीभ जरा बाहेर लोंबते, चेहरा वाकडा दिसतो. पण बहुतेक कुत्री काही दिवसांत दुधात कुस्करलेली भाकरी स्वतः खातात. अॅमेलोब्लास्टोमा नावाच्या हिरडीतल्या गाठीची एक जात हाड पोखरते, पण शरीरात इतरत्र जात नाही. ती नीट कापली तर बहुधा परत येत नाही. अशा कुत्र्याला ऑपरेशन नाकारणं म्हणजे बरं होणारं दुखणं वाढवत नेणं.

आणि ब्रूफेन अजिबात नको. त्याने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनीही जाऊ शकते.