आमचा एडिटर का नाही?

लिनक्स डिस्ट्रोची (म्हणजे लिनक्सवर उभ्या, उबुंटूसारख्या तयार सिस्टिमची) डिफॉल्ट पॅकेजेस, म्हणजे आधीच बसवून दिलेली सॉफ्टवेअर, निवडायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला दोनच प्रश्न ऐकू येतात: अमुक का काढलंत, आणि तमुक का घातलंत. ‘बरं केलंत’ म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे.

पूर्वी निदान सीडीवर खापर फोडता यायचं. 2004 मध्ये उबुंटू निघालं तेव्हा एका कामाला एकच सॉफ्टवेअर, आणि सगळा संसार एका सीडीत, म्हणजे साधारण 700 एमबीत. 10.04 या आवृत्तीतून गिंप हे चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर वगळलं तेव्हा बोंबाबोंब झाली, पण ‘जागा नाही’ हे उत्तर तयार होतं. 12.10 ला सीडीची मर्यादा सुटली आणि आमचं हक्काचं निमित्तही गेलं.

गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरची कथा तर विचारूच नका. 11.04 मध्ये रिदमबॉक्स जाऊन बॅन्शी आली, 12.04 मध्ये बॅन्शी जाऊन रिदमबॉक्स परत. बॅन्शी एकटी येत नसे. जावयामागून अख्खं वऱ्हाड यावं तसं मोनो, म्हणजे ती चालायला लागणारा लायब्ररींचा संच, तिच्यासोबत उतरे. चिठ्ठ्या लिहायच्या टॉमबॉयलाही तेच मोनो लागे. दोघं गेली आणि मोनोचीही डिस्कवरून सुट्टी झाली.

म्हणून नुसत्या पॅकेजचा आकार बघून भुलू नये. कोऱ्या कंटेनरमध्ये (वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या सिस्टिममध्ये) ॲप्टला, म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला, इन्स्टॉलची आज्ञा द्यावी, मागून येणाऱ्यांची यादी आणि शेवटचा जागेचा आकडा वाचावा, आणि ‘एन’ दाबून सटकावं. हाच प्रयोग स्वतःच्या रोजच्या मशीनवर करणारे बहाद्दर असतात. तिथे निम्मी लायब्ररी आधीच बसलेली असते, त्यामुळे आकडा गोंडस दिसतो आणि इमेज (डिस्ट्रो बसवायची फाइल) बांधताना डोळे पांढरे होतात.

दुसरा सापळा मेटापॅकेजचा, म्हणजे इतर पॅकेजेस ओढून आणण्यापुरत्याच असलेल्या पॅकेजचा. मेलचं सॉफ्टवेअर त्यात ‘डिपेंड्स’खाली, म्हणजे अनिवार्य म्हणून, टाकलंत, की ते नको म्हणून काढणाऱ्याचं मेटापॅकेजही निघतं. मग तो सरळ मनाने ‘ऑटोरिमूव्ह’ (कुणालाच लागत नसलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) चालवतो आणि बाकीचा डेस्कटॉप काढायच्या यादीत लागू शकतो. असल्या ऐच्छिक गोष्टी ‘रेकमेंड्स’खालीच ठेवाव्यात: येतात आपोआप, जाताना कुणाला ओढत नाहीत.

एडिटरच्या, म्हणजे मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, भांडणात मी नॅनोच्या बाजूने आहे. फेडोरा या डिस्ट्रोने 2020 मध्ये 33व्या आवृत्तीत व्हीआयच्या जागी नॅनो आणला. नवखा माणूस गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करायला जातो, समोर व्हीआय उघडतं, तो टाइप करतो तर अक्षरंच उमटत नाहीत, आणि बाहेरचा रस्ता एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह असा. नॅनो बिचारा बाहेर पडायची कळ खालीच लिहून ठेवतो. व्हीआय ज्यांना हवं त्यांना ते बसवताही येतं. त्यांची काळजी नको.

गंमत म्हणजे ज्यावर कुणी घसा कोरडा करत नाही, तीच पॅकेजेस माणसाला रडवतात. वायफायचं फर्मवेअर, म्हणजे वायफायच्या चिपला लागणारं सॉफ्टवेअर, इमेजमध्ये नाही. ते उतरवायला नेट हवं. नेटला वायफाय हवं. अशा वेळी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करावं, बहुतेकदा भागतं. डेबियन या डिस्ट्रोत मुक्त नसलेलं (ज्याचा कोड खुला नाही असं) फर्मवेअर अधिकृत इमेजमध्ये घ्यायचं की नाही यावर 2022 मध्ये चक्क मतदान झालं, आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून ते मिळू लागलं. माझ्या मते दहा वर्षं उशिराच.

तीच गत फाँटची. मराठीची कसोटी मी ‘कऱ्हाड’ या एका शब्दावर घेतो. नुसते खोके दिसले तर फाँटच नाही. र पायमोडका आणि ह सुटा पडला, तर फाँट आहे पण शेपिंगमध्ये, म्हणजे अक्षरं जोडण्यात, घोळ आहे. लोहित देवनागरी या फाँटचं पॅकेज एका एमबीहूनही लहान आहे. एवढ्यालाही जागा नाही म्हणणाऱ्याने आपलाच वॉलपेपरचा फोल्डर उघडून त्याचं वजन बघावं.