रूझवेल्टच्या बटा आणि गॅसवरची सळई

फोटो खरा आहे. तेवढं एक सोडलं तर त्या फॉरवर्डमध्ये धड असं फार थोडं आहे, तरी तो मामींपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टुलावर बसलेलं एक मूल, अंगात पांढरा झगा, खांद्यापर्यंत केस, हातात पिसं लावलेली हॅट. खाली दावे. अमेरिकेतल्या श्रीमंत बायका मुलग्यांना मुलगी म्हणून वाढवायच्या, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला हा फ्रँकलिन रूझवेल्ट त्याचा पुरावा. हे खूळ एका कादंबरीने सुरू केलं. सातव्या वर्षापर्यंत केस न कापण्याचा तिथे कायदाच होता. पहिल्या महायुद्धात सैन्याने केस कापायची सक्ती केली आणि एका रात्रीत बटा गेल्या. आणि शेवटी ‘जुन्या काळची अमेरिकन युक्ती’: बाळाचं जावळ साखरेच्या पाण्याने ओलं करा, लोखंडी सळई गॅसवर तापवा, एकेक बट तिच्यावर गुंडाळा, बाळ हुबेहूब बाळकृष्ण दिसेल. चटका बसलाच तर टूथपेस्ट लावा.

या शेवटच्या दाव्यापासूनच सुरुवात करू. बाकीचे दावे वाचून फक्त डोकं फिरतं, याने बाळ भाजेल.

गॅसवर तापवलेल्या सळईला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारी कळ, नसते. ती शंभर अंशांवर आहे की चारशे, हे डोळ्यांना कळत नाही, कारण लोखंड लाल दिसायला लागेपर्यंत ते त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. केस साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचा बिघडायला लागतो. कातडीला एवढीही उष्णता लागत नाही. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, आणि लहान मुलाची कातडी त्याहून पातळ असते. शिवाय दीड वर्षाचं मूल मान स्थिर ठेवेल, ही अपेक्षाच वेडेपणाची. त्यात केस ओले करायला सांगितलेत. ओल्या केसाला तापलेलं लोखंड लागलं की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. असा केस पुढे त्याच जागी तुटतो.

मग त्या काळी तापवलेले चिमटे नव्हतेच का? होते. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने १८७० च्या दशकात अशा चिमट्यांनी केसांना लाटा पाडायची पद्धत रूढ केली आणि ती अमेरिकेतही पोचली. पण ते काम मोठ्या बायकांच्या केसांवर, सरावलेल्या हातांनी व्हायचं. चिमटा तापला की आधी कागदावर दाबून बघत. कागद तपकिरी पडला तर चिमटा हवेत फिरवून थोडा निववायचा, मगच केसाला लावायचा. फॉरवर्डमध्ये कागदाची ही पायरीच गाळलीय. भाजलंच तर टूथपेस्ट नको, हळद नको. नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, आणि मग डॉक्टर.

अमेरिकन घरांतून मुलांच्या बटांसाठी चालायच्या त्या चिंध्या. ज्यांना खरंच करून बघायचंय त्यांनी ही पद्धत घ्यावी. मुलाचे केस निदान सहा-सात इंच हवेत, म्हणजे जावळ काढायच्या वयाच्या बहुतेक बाळांचा प्रश्न इथेच मिटतो. जुन्या सुती धोतराच्या किंवा चादरीच्या इंचभर रुंद पट्ट्या फाडायच्या, लांबी केसांच्या दुप्पट अधिक गाठीपुरती. कापड पांढरंच घ्या, रंगीत कापडाचा रंग ओल्या केसांना लागतो. धुतलेले केस जवळजवळ वाळू द्यायचे, हाताला नुसते दमट लागले पाहिजेत. मग इंचभर रुंदीची बट घेऊन विंचरायची. पट्टीचं एक टोक गाठीपुरतं वर सोडून ती बटेच्या मुळाशी धरायची, बट खाली लोंबणाऱ्या पट्टीभोवती वरून खाली गोल जिन्यासारखी गुंडाळत न्यायची, आणि उरलेली पट्टी खालून वर केसांवरून गुंडाळत आणून वरच्या टोकाशी गाठ मारायची. केसांचं टोक कापडात नीट दडलं पाहिजे, नाहीतर सकाळी ते गळासारखं वाकडं निघतं. डोकंभर बारा ते वीस चिंध्या लागतात. रात्रभर ठेवून सकाळी सोडायच्या आणि प्रत्येक बट बोटाभोवती ब्रशने फिरवून घ्यायची, तेव्हा ती फोटोतल्यासारखी नळीदार लोंबते.

बट का धरते, ते कळलं की कुठे बिघडतं तेही कळतं. केस ओला झाला की त्यातले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि वाळताना ते नव्या आकारात पुन्हा जुळतात. केस फार ओले असतील तर रात्रीत वाळत नाहीत आणि सकाळी सगळं सरळ. बट जाड घेतली तर आतला भाग ओला राहतो. गाठ मुळाशी फार आवळली तर केस ओढले जाऊन मूल रात्रभर रडतं. हवेतल्या दमटपणानेही तेच बंध पुन्हा सुटतात, त्यामुळे मुंबईत जुलैमध्ये हे करून फोटोग्राफरकडे पोचेपर्यंत काही उरणार नाही. साखरेचं पाणी थोडं काम करतं, हे मात्र मान्य करायला हवं. वाळल्यावर साखरेचा कडक थर बसतो. पण उशीवर मुंग्या येतात. त्यापेक्षा जवस बरं: एक चमचा जवस कपभर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळायचं आणि गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते गाळणीतून उतरत नाही.

आता ‘मुलगी म्हणून वाढवायच्या’.

मेरीलँड विद्यापीठाच्या जो पाओलेटी यांनी अमेरिकन मुलांच्या कपड्यांच्या इतिहासावर तीसेक वर्षं काम केलंय. त्यांच्या संशोधनावर आधारलेला स्मिथसोनियन मासिकाचा २०११ मधला लेख सुरू होतो तो याच फोटोपासून. फोटो १८८४ चा आहे, रूझवेल्ट तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्या काळच्या रीतीने मुलगे सहा-सात वर्षांचे होईपर्यंत झगे घालत आणि पहिला हेअरकटही साधारण तेव्हाच होई. झगा मुलीचा नव्हता, लहान मुलाचा होता. लंगोट बदलायला सोपा, वाढत्या अंगाला पुरणारा, आणि पांढरं सुती कापड ब्लीच करून धुता येणारं. पँटची बटणं तीन वर्षांच्या पोराला घाईच्या वेळी उघडता येत नाहीत, हे ज्यांनी पोरं सांभाळलीत त्यांना सांगायला नको.

तेव्हा केसांच्या लांबीवरून कळायचं ते वय. मुलगा की मुलगी हे ओळखायला बघणारे दुसऱ्या खुणा शोधत. भांग बाजूला असेल तर बहुतेक मुलगा, मधोमध असेल तर बहुतेक मुलगी. हातात चाबूक किंवा हातोडी असेल तर मुलगा, बाहुली असेल तर मुलगी. खुणा शंभर टक्के पक्क्या नाहीत, पण जुन्या फोटोंसाठी अभ्यासक अजूनही त्या वापरतात.

आणि हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागावं? जावळ काढण्याआधी पोराच्या टाळूवर कारंज्यासारखी शेंडी कोण बांधतं? त्याला परकर-पोलकं, गजरा आणि टिकली लावून ‘एकदा मुलीसारखा फोटो काढू’ कोण म्हणतं? फॉरवर्ड पाठवणाऱ्या निम्म्या घरांतल्या अल्बममध्ये तो फोटो असेल. तो मुलगा आज बँकेत मॅनेजर असतो आणि फोटो बघून लाजतो, एवढंच. दुसऱ्या महायुद्धात गाजलेला अमेरिकन जनरल डग्लस मॅकआर्थरही लहानपणी अशाच बटांमध्ये आणि झग्यात वाढला.

एक उदाहरण मात्र फॉरवर्डच्या बाजूने जातं, ते लपवत नाही. लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेच्या आईने त्याला आणि थोरल्या बहिणीला जुळ्या मुलींसारखं सजवलं होतं, केसही एकसारखे कापलेले. ते रीतीच्या पलीकडचं होतं. पण एका आईच्या हौशीवरून सगळा देश ठरवायचा नसतो.

कादंबरीचा दावा अर्धा खरा आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’ नोव्हेंबर १८८५ पासून सेंट निकोलस मासिकात क्रमशः आली आणि १८८६ मध्ये पुस्तकरूपात. रेजिनाल्ड बर्चच्या चित्रांतला मखमली सूट, लेसची कॉलर आणि लांब बटा बघून आयांनी शिंप्यांकडे रांगा लावल्या, हे खरंच. पण रूझवेल्टचा फोटो १८८४ चा! कादंबरी यायच्या आधीच त्याचे केस खांद्यापर्यंत पोचले होते. बटा आधीपासून होत्या. कादंबरीने त्यांना ठरावीक गणवेश दिला, आणि जी पोरं एरवी झगा सुटताच न्हाव्याकडे गेली असती त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यावर त्या आणखी दोन-तीन वर्षं राहिल्या. पोरांना त्या सुटाचा राग होता तो यामुळेही.

सात वर्षांचा कायदा? नव्हता. घरोघरी वय वेगळं.

राहिलं महायुद्ध. ‘एका रात्रीत’ काहीच झालं नाही. १९०२ मध्ये रिचर्ड आउटकॉल्टच्या चित्रमालिकेतला खोडकर पोरगा बस्टर ब्राउन न्यू यॉर्क हेराल्ड या वर्तमानपत्रात आला. कपाळावर सरळ झालर, कानापर्यंत सपाट केस, आणि चिंध्या बांधायची गरजच नाही. लांब बटांकडून आखूड केसांकडे जाताना मधला मुक्काम हा होता. युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर, १९२१ मध्ये, चॅप्लिनबरोबर पडद्यावर आलेला बालनट जॅकी कूगन तसल्याच विस्कटलेल्या बॉबमध्ये, म्हणजे कानापर्यंतच्या आखूड केसांत, अमेरिकेचा लाडका झाला. त्याने केस कापले तीही बातमी झाली, आणि १९२७ मध्ये त्याचा सिनेमा आला तो ‘जॉनी, गेट युअर हेअर कट’ या नावानेच. दरम्यान बायकाही बॉब करू लागल्या होत्या.

त्याच १९२१ मध्ये फाँटलरॉयवर सिनेमाही निघाला. मुलाची भूमिका करायला बटावाला मुलगा शोधला नाही. ती केली २९ वर्षांच्या मेरी पिकफर्ड या नटीने, तिच्या जगप्रसिद्ध बटांसकट, आणि त्या मुलाच्या आईचीही तिनेच. १९२८ मध्ये तिनेही त्या कापल्या.