चौथ्या हंगामात मोअरच्या डेकला भोक: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार.

आधी एक विनंती, बाकी सगळं नंतर. दुरुस्ती होईपर्यंत या मोअरची, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्राची, पाती फिरवू नका. इंजिन सुरू करून मोअर जागेवरून हलवायला हरकत नाही. पण तुम्ही टाकलेल्या फोटोत डेकचं (पात्यांवरच्या पत्र्याच्या कवचाचं) भोक डाव्या स्पिंडलच्या (पातं फिरवणाऱ्या दांड्याच्या) बैठकीला लागूनच दिसतंय. पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो, आणि ते पातं ज्या पत्र्यावर तोललेलं आहे तोच पत्रा तिथे कुजलाय. बैठक हलली तर पातं डेकला घासेल. भोकातून खडा उडाला तर चालवणाऱ्याच्या पायावर येईल.

आता तक्रारीकडे. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की चौथ्याच हंगामात डेक गंजून आरपार झाला. गेल्या हंगामात पात्यांचा बेल्ट तीनदा तुटला आणि दर वेळी आम्ही तुमच्या चालवण्याला दोष दिला. अर्धा तास चालल्यावर मोअर चढावर दम टाकतो. आणि दर हंगामाच्या सुरुवातीला सुरूच होत नाही. विकताना मात्र आमच्या माणसाने ‘दहा वर्षं बघायला नको’ असं सांगितलं होतं. हल्लीचे बसून चालवायचे मोअर टिकतच नाहीत, असा तुमचा निष्कर्ष आहे. काल दुकानातल्या सर्व्हिसच्या नोंदी काढल्या, तुमच्या मोअरवर काम केलेल्या दोन्ही मेकॅनिकशी बोललो, आणि मग लिहायला बसलो.

बेल्टची चूक आमची आहे. पहिल्यांदा तुटला तो मूळचा बेल्ट होता. इतके हंगाम चालल्यावर तो जाणं समजू शकतं. त्या दिवशी आमच्याकडे मूळ बेल्ट शिल्लक नव्हता, म्हणून मेकॅनिकने त्याच लांबी-रुंदीचा साधा व्ही-बेल्ट बसवला, जो पंपावर किंवा कंप्रेसरवर चालतो. दिसायला दोन्ही सारखेच. पण मोअरच्या डेकवरचा बेल्ट फार वेगळं आयुष्य जगतो. पाती बंद असताना तो सैल लोंबत असतो, लिव्हर ओढला की एका झटक्यात ताणला जातो, आणि पाती वेग घेईपर्यंत क्षणभर पुलीवर घसरतो. शिवाय आयडलर पुली, म्हणजे बेल्ट ताणून धरणारं चाक, त्याला पाठीकडून दाबते, म्हणजे तो दोन्ही बाजूंना वाकतो. म्हणून त्याच्या आत अरामिड या फार चिवट, न ताणणाऱ्या धाग्याची दोरी असते आणि वरचं कापडही घसरण सोसणारं असतं. साध्या बेल्टमधली दोरी हळूहळू लांबते, बेल्ट सैल पडतो, घसरून तापतो आणि तुटतो. दुसऱ्यांदा नेमकं हेच झालं. तरी आम्ही पुन्हा तसलाच बसवला. तिसऱ्यांदा मूळ बेल्ट आला, पण तोपर्यंत तुमचा आमच्यावरचा विश्वास उडाला होता, आणि त्याबद्दल मला तुम्हाला काहीच म्हणता येत नाही.

याहून जास्त लागलं ते दुसरंच. पाती लावली की कर्कश आवाज येतो, हे तुम्ही पहिल्याच वेळी सांगितलं होतं. जॉब कार्डवर ते तुमच्या शब्दांत लिहिलेलंही आहे. तो आवाज बहुतेक आयडलर पुलीच्या कोरड्या पडलेल्या बेअरिंगचा असणार. पुली अडखळत फिरली की बेल्टची पाठ घासून चकाकायला लागते. ते तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. स्पार्क प्लगची वायर काढून ठेवायची, बेल्ट उतरवायचा आणि पुली हाताने फिरवून बघायची. आवाज न करता फिरली तर ठीक, खरखर जाणवली तर बेअरिंग गेलं. तसंच जाड हातमोजे घालून पात्याचं टोक वर-खाली हलवायचं; हिसका जाणवला तर स्पिंडलचं बेअरिंग सैल झालंय. बेल्ट तुटला की आधी पुल्या बघायच्या, हे शिकाऊ मुलालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. आमच्या दोन अनुभवी माणसांनी ते केलं नाही, आणि वर तुम्हालाच ‘उंच गवतात पाती लावता’ असं ऐकवलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

डेकचा विषय जास्त गुंतागुंतीचा आहे. प्रत्येक वेळी काम झाल्यावर, आम्ही सांगितल्याप्रमाणे, डेकच्या नळीला पाइप लावून धुतलं असं तुम्ही लिहिलंय. मी त्यावर विश्वास ठेवतो, कारण फोटोत डेकची खालची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ आहे. भोक वरून पडलंय. बेल्टच्या झाकणाखाली, स्पिंडलभोवती, गवताचा बारीक चुरा साठून त्याची गादी तयार होते. खालून मारलेलं पाणी तिथला चुरा काढत नाही, उलट त्याला ओला ठेवतं. घरगुती मोअरचा डेक साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या दाबून घडवलेल्या पत्र्याचा असतो. कंपनाने आणि उडणाऱ्या खड्यांनी रंगाचा कुठेतरी टवका उडतो, आणि त्या जागी ओलं गवत आठवडेच्या आठवडे चिकटून राहिलं की पत्रा आतल्या आत पोखरला जातो.

म्हणजे आमचा सल्ला अर्धाच होता. उरलेला अर्धा असा: महिन्यातून एकदा तरी झाकणं काढून वरचा चुरा ब्लोअरने किंवा कोरड्या ब्रशने काढायचा, धुतल्यावर पाती दोन-तीन मिनिटं फिरवून पाणी झटकू द्यायचं, आणि हंगाम संपला की डेक उतरवून गंज खरवडून रंगाचा हात द्यायचा. पाण्याचा जोराचा फवारा स्पिंडलवर तर कधीच मारायचा नाही, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. मोअर देताना हे सगळं सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.

चढावर दम टाकण्याबद्दल. थंड असताना व्यवस्थित चढतो आणि तापल्यावर रेंगाळतो, हे तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की मेकॅनिकला निम्मं निदान तिथेच मिळायला हवं होतं. या मोअरमध्ये हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स आहे. त्यात दात्यांची चाकं गती बदलत नाहीत; एक पंप दाबाखाली ऑइल ढकलतो आणि त्या ऑइलवर मोटर फिरते. ऑइल तापलं की पातळ होतं, आतल्या फटींतून निसटायला लागतं, दाब पडतो आणि चाकांचा जोर जातो. गिअरबॉक्सवर एक छोटा पंखा असतो तो याचसाठी. तो गवताने बुजला, किंवा त्याची पाती तुटली, तर आतली झीज फार वेगाने होते.

इथे मात्र तुमच्याकडून काय चुकलं तेही मला बोलावं लागेल. त्याच मोअरला ट्रेलर लावून दगड आणि माती चढावर नेता, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. या दर्जाचा गिअरबॉक्स सपाट जागेवर गवत कापण्यासाठी बनवलेला आहे. पुस्तिकेत १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नये असं लिहिलेलं असतं. ते मुळात उलटण्याच्या धोक्यामुळे आहे, पण गिअरबॉक्सच्या जिवासाठीही ते पाळावं. ओढायच्या वजनाची मर्यादाही तिथेच दिलेली असते. भरलेला ट्रेलर चढावर ओढला की हंगामाची झीज महिन्यात होते. हे नाकारून मला तुमची मर्जी राखता येणार नाही. पण हेही तितकंच खरं की विकताना तुमची जमीन किती चढाची आहे आणि मोअरने आणखी काय काम घेणार, हे दोन प्रश्न आम्ही विचारलेच नाहीत. विचारले असते तर तुम्हाला जड गिअरबॉक्सचं मॉडेल दाखवलं असतं, किंवा निदान ट्रेलर लावू नका एवढं तरी सांगितलं असतं.

हंगामाच्या सुरुवातीला सुरू न होणं हे पेट्रोलमुळे आहे, यंत्रामुळे नाही. टाकीत राहिलेलं पेट्रोल महिन्याभरानंतर खराब व्हायला लागतं. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढतं, आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो. मोअर बंद ठेवायच्या आधी एकतर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, किंवा ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) घालून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. बॅटरीही तेव्हाच काढून चार्ज करून ठेवा.

आता त्या ‘दहा वर्षं’बद्दल. असं बोलायला नको होतं. तो कर्मचारी खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर लहानसं अंगण असलेलं गिऱ्हाईक असणार. पण मोअरचं वय वर्षांत मोजून कळतच नाही. ते अवर मीटरवर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते मोजणाऱ्या मीटरवर कळतं. शेवटच्या सर्व्हिसला तुमच्या मीटरवर ४३० तास होते. मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्या धरल्या तर तासाला २ लाख १६ हजार, म्हणजे आजवर ९ कोटींहून जास्त फेऱ्या. मोटारगाडी ताशी सरासरी ५० किलोमीटरने तेवढे तास चालली असती तर साडेएकवीस हजार किलोमीटर झाले असते. आणि मोअरचं इंजिन जवळपास सगळा वेळ पूर्ण थ्रॉटलवर, धुळीत, फक्त हवेवर थंड होत चालतं.

अशा इंजिनाचं ऑइल साधारण ५० तासांनी बदलायचं असतं, नवीन असताना पहिल्यांदा तर ५ ते १० तासांतच. आम्ही तुम्हाला ‘वर्षातून एकदा सर्व्हिसिंग’ असं सांगितलं आणि तुम्ही ते न चुकता केलंत. पण तुमचा हंगाम शंभर तासांहून मोठा आहे, म्हणजे दर वेळी ऑइल दुपटीहून जास्त चाललं. पात्यांना २५ तासांनी धार आणि तोल हवा होता, तोही वर्षातून एकदाच मिळाला. तोल गेलेलं पातं दर फेरीला बेअरिंगला हिसका देतं. स्पिंडल सैल झालं असेल तर त्याचं मूळ तिथेही असू शकेल. इतकं होऊनही इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेल्या तपासणीत चांगलं भरलं होतं, फक्त थोडं ऑइल खातंय. म्हणून हे यंत्रच टिकत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. ज्याला आम्ही चुकीचं वेळापत्रक दिलं ते यंत्र चार हंगाम भरपूर कष्ट करून अजून उभं आहे.

आता आम्ही काय करणार ते सांगतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेल्टचे पैसे, मजुरीसकट, परत. आयडलर पुली आणि स्पिंडलची बेअरिंगं आमच्या खर्चाने बदलतो. डेकला ठिगळ लावून देणारे भेटतील, पण बैठकीजवळ वेल्डिंग केलं की पत्रा ओढला जातो आणि पाती एका पातळीत राहत नाहीत, म्हणून मी ते करणार नाही. नवीन डेकचा सांगाडा घ्यावा लागेल. तो आम्हाला ज्या भावाने पडतो त्याच भावाने देऊ, बसवायची मजुरी घेणार नाही. गिअरबॉक्सबद्दल आत्ताच शब्द देत नाही. पंखा साफ करून, ऑइल बदलून, तापलेल्या अवस्थेत चढावर चालवून बघू. या गिअरबॉक्सला ऑइल काढायचं बूच नसतं, तो खाली उतरवून उलटा करावा लागतो. ती मजुरीही आमची. ऑइलने फरक पडला तर उत्तम. आतली झीज जास्त असेल तर तसं स्पष्ट सांगू, आणि नवीन गिअरबॉक्स घालण्यात अर्थ आहे की नाही हेही सांगू. तुमच्या वापराला तो पुन्हा अपुराच पडणार असेल, तर तो विकण्यात मला रस नाही.

मोअर न्यायला आमची गाडी येईल, त्याचे पैसे लागणार नाहीत. फक्त या वेळी तो धुऊन ठेवू नका. झाकणाखालचं गवत आहे तसंच राहू द्या. डेक तुमच्यासमोर उघडायचाय, म्हणजे ओल नेमकी कुठे साचत होती ते तुम्हालाही बघता येईल आणि आमच्या दोन्ही मेकॅनिकनाही.