‘महोम्स असला की रिसीव्हर कोणीही चालतात’ हे खरं नाही

एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘कॅन्सस सिटी चीफ्सनी 2022 मध्ये टायरिक हिल या वेगवान रिसीव्हरला मायामीला देऊन टाकलं, आणि त्याच्याशिवाय लागोपाठ दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. म्हणजे पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक असला की चेंडू झेलायला कोणीही चालतं.’ (क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर तो झेलतात.) यातली घटना खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. हा खेळ मनापासून पाहणाऱ्याने तो मान्य करू नये असं मला वाटतं.

‘हिल गेल्यावर काहीच बिघडलं नाही’ हा पहिला दावा. 2022 च्या मोसमापुरता तो बराचसा बरोबर आहे. महोम्सने 5,250 यार्ड आणि 41 टचडाउन फेकले (टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं). पण ते चेंडू झेलले कोणी? ट्रॅव्हिस केल्सीने 110 झेल घेत 1,338 यार्ड आणि 12 टचडाउन काढले. तो टाइट एंड, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा खेळाडू, आहे म्हणून त्याला हिशेबातून वगळायचं आणि ‘रिसीव्हर तर साधेच होते’ म्हणायचं, हे बरोबर नाही. झेलणाऱ्यांची फळी मोजताना कडेचे वाइड रिसीव्हर, टाइट एंड, चेंडू घेऊन पळणारे रनिंग बॅक सगळेच मोजावे लागतात. फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध 38-35 ने जिंकलेल्या त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये चौथ्या क्वार्टरमध्ये केडेरियस टोनी आणि स्काय मूर यांनी एकेक टचडाउन झेलला. दोघांच्याही आसपास बचावपटू नव्हता. स्नॅपच्या (चाल सुरू होण्याच्या) आधी रिसीव्हरला आडवं पळवून बचाव गोंधळात टाकायची ती आखणी प्रशिक्षक अँडी रीड यांची होती. त्या दोन झेलांवरून रिसीव्हरांचं बळ ठरवता येत नाही.

‘मग दुसरं विजेतेपद कसं मिळालं?’ बचावामुळे. 2022 मध्ये चीफ्सनी साखळीत 496 गुण केले होते, 2023 मध्ये फक्त 371. त्याच वर्षी बचावाने जेमतेम 294 गुण दिले. लीगमध्ये त्याहून कमी गुण एकाच संघाने दिले होते. हिलच्या बदल्यात आलेल्या ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) निवडी वापरून वर सरकत चीफ्सनी ट्रेंट मॅकडफी हा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, घेतला होता. 2023 मध्ये तो ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात निवडला गेला. म्हणजे हिलचा सौदा फळला तो बचावात, झेलणाऱ्यांच्या फळीत नव्हे.

आणि 2023 मधल्या हरलेल्या सामन्यांचं काय? पहिल्याच सामन्यात, केल्सी जखमी असताना, टोनीच्या हातातून निसटलेला चेंडू थेट प्रतिस्पर्धी डेट्रॉइट लायन्सच्या ब्रायन ब्रांचकडे गेला आणि त्याने तो परतवून टचडाउन केला. चीफ्स 21-20 असे हरले. नोव्हेंबरमध्ये ईगल्सविरुद्ध शेवटच्या मिनिटांत मार्केझ व्हाल्डेस-स्कँटलिंगच्या हातात आलेला लांब पास सुटला. 21-17 ने हार. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर गोलंदाजाची विकेट हुकते, इतकंच. इथे हातातून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला की इंटरसेप्शन क्वार्टरबॅकच्या नावावर लागतं. त्या वर्षी महोम्सच्या नावावर 14 इंटरसेप्शन आहेत. रिसीव्हर कच्चे असले की दोष असा दुसऱ्याच्या खात्यात जातो, आणि नुसते आकडे वाचणाऱ्याला तो दिसत नाही.

‘यार्ड तर मिळतच होते’ हे सगळ्यात फसवं. नुसते यार्ड नकोत, दर पासमागचे यार्ड बघा. महोम्सचे 2018 मध्ये 8.8 होते, 2022 मध्ये 8.1, 2023 मध्ये 7.0 आणि 2024 मध्ये 6.8. हिल असतानाही 2021 मध्ये ते 7.4 वर आले होते, हे मान्य करायला हवं. दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) खोल उभे करून त्याला अडवायला संघ तेव्हा शिकले होते. पण तोच तर मुद्दा आहे. एका माणसाच्या वेगाच्या धास्तीने दोन बचावपटू मागे राहतात, तेव्हा मधल्या पट्ट्यात केल्सीला मोकळी जागा मिळते. हिलच्या नावावर त्याचा एक यार्डही लागत नाही. केल्सीला 2022 मध्ये एका झेलामागे सुमारे 12 यार्ड मिळत होते, 2024 मध्ये साडेआठ. त्याचं वय वाढलं हे खरं, पण भोवतीची जागाही आक्रसली होती.

म्हणून फळी जोखताना मी आधी तीन गोष्टी बघतो. सेफ्टीला मागे रेटणारा कोणी आहे का? अंगाला भिडलेल्या कॉर्नरबॅकला एकट्याने चकवून मोकळा होणारा कोणी आहे का? आणि पहिला माणूस जायबंदी झाला तर पुढे कोण? 2024 मध्ये हा तिसरा प्रश्न चीफ्सपुढे खरोखरच उभा राहिला. हॉलीवूड ब्राउन सराव सामन्यात जखमी झाला, चौथ्या सामन्यात रशी राइसचा गुडघा गेला, आणि ऑक्टोबरमध्ये डीआंद्रे हॉपकिन्सला बाहेरून आणावं लागलं. साखळीत संघाचे 15 विजय आणि 2 पराभव होते, पण गुण 385 च, म्हणजे लीगच्या मधोमध.

त्या मोसमाच्या ईगल्सविरुद्ध हरलेल्या सुपर बोलमध्ये नवख्या झेवियर वर्दीने 157 यार्ड आणि दोन टचडाउन काढले, तेही या दाव्याच्या बाजूने सांगितलं जातं. पहिल्या अर्धात चीफ्सचे सगळे मिळून 23 यार्ड होते. वर्दीचा पहिला टचडाउन आला तेव्हा फलक ईगल्सच्या बाजूने 34-0 दाखवत होता. महोम्स सहा वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, त्यामुळे त्या पराभवाचा मोठा दोष त्याचं रक्षण करणाऱ्या पुढच्या ओळीचाच. तो मी रिसीव्हरांवर ढकलणार नाही. पण ईगल्सनी चौघांनाच पुढे पाठवून सातजण मागे ठेवले होते, आणि त्या सातांतून वेळेत मोकळा होणारा कोणी सामना हातात असेपर्यंत महोम्सला सापडला नाही.